तीन रेघांचा मजला

जावयाला गणित शिकवू नये. हे मी अनुभवानं सांगते, आणि माझा अनुभव थोडाथोडका नाही. शाळेत हयातभर मी गणितच शिकवलं. दुसऱ्याच्या पोराला शिकवताना कान धरता येतो, बाकावर उभं करता येतं, फारच झालं तर आईबापांना बोलावून घेता येतं. जावई समोर बसला की यातलं काही चालत नाही. उलट मध्येमध्ये त्याला ‘चहा टाकू का?’ असं विचारावं लागतं.

आमचे जावईबापू लिफ्टचे मेकॅनिक. कामात एकदम तयार. लिफ्ट चालताना नुसता आवाज ऐकून कुठे काय सैल झालंय ते सांगतात. पण त्यांच्या कंपनीनं नवा नियम काढला, की वरिष्ठ मेकॅनिक व्हायचं तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी लेखी परीक्षा. त्यात एक पेपर अंकगणिताचा. त्या पेपरात जावईबापू दोनदा आपटले. तिसरी आणि शेवटची संधी उद्यावर आली होती. या वेळीही आपटले, तर त्यांच्याच हाताखाली शिकलेली पोरं त्यांच्या डोक्यावर येऊन बसणार होती. लेकीनं मला फोन केला तेव्हा ती रडली नाही, पण रडायला आलेला आवाज मला कळतो. मी घराला कुलूप लावलं आणि त्यांच्याकडे चौथ्या मजल्यावर मुक्काम ठोकला.

त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी मोठ्या कागदावर संख्यारेषा काढली होती. डावीकडे उणे, उजवीकडे अधिक, मध्ये शून्य.

“उणे दोनवरून तीनवर जायचं आहे. किती उड्या?” मी विचारलं.

जावईबापूंनी ग्रीसनं काळं झालेलं बोट ठेवलं आणि टुण टुण उड्या मारल्या. “मायनस एक, एक, दोन, तीन. चार.”

“आणि शून्य कुठे गेलं?”

“शून्यात काय मोजायचं, आई? तिथं काही नसतंच.”

“उणे एक आणि एक यांच्या मध्ये मग कोण बसलंय? तुमचा मामा?”

ते हसले. त्यांना राग येत नाही, हीच मोठी अडचण. रागावलेला विद्यार्थी निदान हट्टानं तरी शिकतो.

“पाढा म्हणताना तरी कोण शून्यापासून म्हणतं?” ते म्हणाले. “सात एके सात, तिथूनच सुरू. तुम्हीच असं शिकवता.”

हे मात्र मला लागलं. कारण खरं होतं. साऱ्या शाळा एकेपासूनच सुरू करतात आणि पोरांच्या डोक्यात बसतं की सातच्या पटी सातापासून सुरू होतात. मी कागदावर ठळक लिहिलं: सात शून्ये शून्य. म्हटलं, “शून्य ही सातची पट आहे, अकराची आहे, सतराशेचीही आहे. कुठल्याही संख्येच्या पटी मांडा, शून्याची खुर्ची ठेवावीच लागते.”

“ज्याच्याकडे काहीच नाही त्याला सगळीकडे खुर्ची,” जावईबापू म्हणाले. “म्हणजे आमच्या ऑफिसासारखंच झालं.”

लेक नुकतीच कामावरून येऊन दारात बूट काढत होती. ती खुदकन हसली. मी डोळे वटारले.

“तसं नाही हो,” ते जरा गंभीर होऊन म्हणाले. “मी ज्या जुन्या इमारतींमध्ये काम शिकलो ना, तिथं शून्य मजला नसायचाच. रस्त्यावरचा मजला एक. त्याच्याखाली मायनस एक. आता नव्या इमारतींमध्ये यांनी हे शून्य घुसवलंय.”

“या इमारतीतही आहे. रोज त्याच मजल्यावरून तुम्ही आत येता.”

“येतो की. पण मोजत नाही.”

मी पेन टेबलावर आपटलं. उद्या पेपर, आणि माणूस म्हणतो मोजत नाही! पण घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मी उठले. टिकलीला आणायची वेळ झाली होती.

टिकली म्हणजे माझी नात. कपाळावर एवढासा तीळ आहे, म्हणून टिकली. वय आठ, तोंड अठरा वर्षांचं. तिला दमा आहे. फार नाही, पण धूळ गेली, थंड वारा लागला की छातीत शिट्टी वाजायला लागते. तोंडानं ओढायचा औषधाचा पंप तिच्यासोबत कायम ठेवायचा, असा घरातला पहिला नियम. तो पंप तिच्या शाळेच्या दप्तराच्या खिशात असतो. आणि ती त्या दिवशी शाळेतून नाही, चित्रकलेच्या क्लासमधून येत होती. दप्तर घरी होतं. मी क्लासच्या दारात स्कूटर लावली, तिला मागे बसवलं आणि दोघी निघालो. दप्तराचा विचार माझ्या मनात आला नाही. मी डोक्यातल्या डोक्यात जावयाशी भांडत होते.

स्कूटर उणे दोनवर, म्हणजे खालून पहिल्या तळघरात लावायची असते. तिथं भिंती घासायचं काम चाललं होतं. दिव्याच्या उजेडात पांढरी धूळ तरंगताना दिसत होती. मी टिकलीच्या नाकावर माझी ओढणी धरली आणि तिला जवळजवळ ओढतच लिफ्टमध्ये नेलं. दार बंद झालं. ती एकदा खोकली, मग पुन्हा.

“पंप दे ना, आजी,” ती म्हणाली.

मी पिशवीत हात घातला आणि हात तिथंच थांबला. पंप दप्तरात, दप्तर चौथ्या मजल्यावर. म्हटलं, असू दे, आत्ता पोचतोच आहोत. दारावरच्या पाटीवर उणे एक आलं. तेवढ्यात लिफ्टनं गचका खाल्ला, दिवा गेला, आणि आम्ही थांबलो.

कोपऱ्यातला छोटा दिवा मिणमिणला. पाटी काळी झाली होती. माझ्या मोबाईलला रेंज नव्हती. मी धोक्याची घंटा दाबली, दाबूनच धरली. ती वर कुठेतरी वाजत होती. टिकली खाली बसली. तिचे खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते, आणि ती शिट्टी सुरू झाली होती.

“नाकानं घे. हळूहळू. घाई नाही करायची,” मी म्हणत होते.

बटणांच्या वरच्या जाळीतून खरखर आली. तिथं बॅटरीवर चालणारा फोन असतो, तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीशी जोडलेला असतो.

“आत कोण आहे?” जावईबापूंचा आवाज. जिने चढून धापा टाकत होते.

“मी. आणि टिकली. तिला दम लागलाय. पंप घरी आहे.”

ते बोलले तेव्हा आवाज अगदी सपाट होता, आणि त्यामुळेच मला भीती वाटली.

“साऱ्या भागातली वीज गेलीय. आपला जनरेटर बंद आहे. मी हातानं आणतो. दाराला टेकू नका. शेवटचा आकडा कुठला दिसला?”

“उणे एक. मग अंधार.”

“बरं. आता मी ब्रेक थोडा थोडा सोडणार. गचके बसतील. लिफ्टची गाडी वर सरकेल.”

“ब्रेक सोडल्यावर वर कशी जाईल? खाली येईल ना!” मी ओरडलेच. सोडलेली वस्तू खाली पडते, एवढं विज्ञान मलाही येतं.

“आत तुम्ही दोघीच आहात, आई. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधलेलं असतं, ते तुमच्यापेक्षा जड आहे. ते खाली जाईल, तुम्ही वर याल. माझा एक हात इथं ब्रेकच्या दांड्यावर लागणार, मला हलता येणार नाही. बाहेरच्या दाराची किल्ली आणि पंप घेऊन हिला पाठवतोय. ही किल्ली मी कुणाच्या हातात देत नाही, पण आज इलाज नाही.”

पहिला गचका बसला तेव्हा टिकलीनं माझं मनगट धरलं. तिची बोटं गार होती. गाडी थोडी वर सरकली, थांबली. पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. वर कुठेतरी लोखंड कुरकुरत होतं. मी टिकलीची पाठ चोळत होते आणि तिच्या ओठांकडे बघत होते. त्या अंधुक उजेडात त्यांचा रंग कळत नव्हता. कळत नव्हता, तेच बरं की वाईट, तेही कळत नव्हतं.

“बोलू नकोस,” मी तिला म्हटलं, “नुसतं माझा हात दाब. ठीक असलं की एकदा दाबायचं.”

तिनं दाबला. फार हळू.

“आली!” जाळीतून आवाज आला. “तीन रेघा. बरोब्बर खुणेवर. थांबवली.” मग ते दुसऱ्या फोनवर लेकीशी बोलताना ऐकू आले. “पहिल्या मजल्यावर जा. हो, पहिला. किल्ली फिरव, दार ओढ आणि आधी तिला पंप दे. पळ!”

माझा जीव भांड्यात पडला. “आई आली बघ तुझी,” मी टिकलीला म्हणाले. आणि ते म्हणता म्हणताच मनात काहीतरी खुपलं. पहिला? उणे एकवरून आम्ही नुकत्या निघालो होतो. चार-दोन गचके काय ते बसले. एवढ्यात शून्य ओलांडून पहिल्यावर कशा पोचलो?

“जावईबापू, पहिला मजला कशावरून?”

“तीन रेघा आल्या ना. दोरावर रंगानं रेघा मारलेल्या असतात. सगळ्यात खालच्या मजल्याला एक रेघ, त्याच्या वरच्याला दोन, मग तीन, असं. गाडी कुठल्या मजल्याशी आहे ते इथं वर त्या रेघांवरून कळतं. रेघांमधून तळघरं वजा करायची, उरेल तो मजला. तीन वजा दोन, एक.”

मी अंधारात बोटांवर मोजलं. उणे दोनला एक रेघ. उणे एकला दोन. मग पुढचं बोट धरलं. तिसरी रेघ शून्याची होती.

“अहो, शून्य! शून्य मोजलं नाहीत तुम्ही! आपण शून्यावर आहोत, पहिल्यावर नाही!”

“नाही, आई, मी कायम असंच...” ते बोलता बोलता थांबले. त्यांनी मोजलं असणार. जाळीतून त्यांच्या तोंडून एक आवाज आला. तो शब्द नव्हता.

आणि आमच्या डोक्यावर, मजलाभर उंचावर, किल्ली खरखरली.

लेक पहिल्या मजल्याच्या दाराशी उभी होती. त्या दारामागे लिफ्ट नव्हती. दारामागे काळोखी पोकळी होती, आणि खाली आमच्या गाडीचं छत, त्यावर तारा आणि लोखंड. सगळ्या इमारतीत अंधार. दार उघडताच ती आत पाय टाकणार होती, कारण आत तिचं लेकरू गुदमरत होतं, आणि तिच्या नवऱ्यानं तिला सांगितलं होतं की आत लिफ्ट आहे.

“फोन करा तिला!”

“करतोय! उचलत नाही! आई, ती उचलत नाही!”

एका हातात पंप, दुसऱ्यात किल्ली, फोन खिशात. कशी उचलेल? मी माझं हेल्मेट उचललं आणि लिफ्टच्या भिंतीवर दणादण आपटायला लागले. थांब म्हणून आपटत होते. वरून लेकीचा आवाज आला, घाबराघुबरा:

“आले, आई! आले! टिकले, आले गं मी!”

आपटण्यानं ती आणखीच घाई करायला लागली. मी हेल्मेट फेकलं. वर दार सरकल्याचा आवाज झाला, लोखंडी चाकं रुळावरून जातात तसा. आणि वरून गार हवेचा झोत छताच्या फटीतून आमच्यावर आला. दार उघडलं होतं.

मी शाळेत असताना माझ्या आवाजाला शिपाईसुद्धा दबून असायचा. निवृत्त झाल्यापासून तो आवाज मी वापरला नव्हता. तो आता कुठून आला मला माहीत नाही, घसा फाटून आला.

“ए बये! एक पाऊल पुढं टाकलंस तर तंगडं मोडून हातात देईन!”

मग आमच्या छतावर काहीतरी ठणकन पडलं. फार छोटा आवाज होता. माणूस एवढा छोटा वाजत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

“आई?” लेकीचा आवाज वरूनच आला, अगदी बारीक. “आई, इथं खाली काहीच नाही. माझा पाय... माझा एक पाय काठावर आहे.”

“मागे हो. भिंतीला धर आणि मागे हो. दार लोटून दे.”

“किल्ली पडली हातातून.”

“पडू दे. पंप आहे?”

“आहे.”

“मग एक मजला खाली ये. धावू नकोस. तुझं नाक फुटलं तर मला दोन-दोन पोरी सांभाळाव्या लागतील.”

टिकलीनं माझा हात दाबणं सोडून दिलं होतं. मी दाबला, तिनं उलट दाबला नाही. ती भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती. श्वास आत जात होता, पण पुरत नव्हता.

“किल्ली छतावर पडलीय,” मी जाळीत ओरडले. “आता बाहेरून दार कसं उघडणार?”

“आतून,” जावईबापू म्हणाले. “प्रवाशानं कधीच करायचं नसतं, पण गाडी मजल्याशी बरोबर लागली असेल तर आतलं दार ओढलं की बाहेरचंही येतं. आई, दोन्ही हातांनी ओढा. समोर भिंत दिसली तर सोडून द्या. फरशी दिसली तरच पाय टाका. आधी खाली बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा.”

“बघते.”

“तुम्हाला खात्री आहे ना, की शून्यच आहे?”

एरवी असा प्रश्न कुणी विचारला असता तर मी त्याला आडवं घेतलं असतं. एक, दोन, तीन. उणे दोन, उणे एक, शून्य. पहिलीतल्या पोरालाही जमेल. पण मी तेव्हा पुन्हा बोटांवर मोजलं, आणि पुन्हा मोजलं. शेजारी मरगळलेलं पोर असलं की माणसाला तीनपर्यंतही धड मोजता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

“खात्री आहे,” मी म्हणाले. नव्हती.

मी दाराच्या फटीत बोटं घातली आणि ओढलं. दार हललं नाही. पाय रोवून पुन्हा ओढलं. नख तुटलं. दार करकरलं आणि वीतभर सरकलं, आणि त्या फटीतून संध्याकाळचा करडा उजेड आत आला. मी खाली बघितलं. लिफ्टच्या तळाला लागून, बोटभरही वर-खाली नाही, अशी फरशी होती. पुढे चपला ठेवायचं कपाट, पत्रांच्या पेट्या, काचेचं मोठं दार, आणि दारापलीकडे रस्ता. मी खांदा लावून दार पुरतं उघडलं.

लेक जिन्यावरून येऊन त्या फरशीवर घसरली, गुडघ्यावर पडली, तशीच सरकत आली. टिकलीला तिनं जवळ ओढून घेतलं आणि पंप तोंडाला लावला. “ओढ. धरून ठेव. सोड. आता परत.” मी दार पाठीनं अडवून उभी होते. मला त्या दोघींखेरीज काही दिसत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग टिकलीच्या खांद्यांची ती वरखाली थोडी मंदावली. शिट्टी होती, पण खालच्या पट्टीत आली होती. तिनं डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, “आजी, तू आईला तंगडं म्हणालीस.”

लेकीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. आणखी काय करणार? पाचच मिनिटांपूर्वी ती माझ्या हातून जाणार होती.

जावईबापू जिन्यावरून आले ते कठडा धरूनच. चेहरा पांढराफटक. ते आधी टिकलीपाशी बसले, तिच्या छातीला कान लावला. मग लेकीचे दोन्ही पाय हातांनी चाचपले, एक आणि दुसरा, जणू त्यांनाही मोजून बघायचं होतं. ती त्यांचा हात धरून म्हणाली, “आहे ना मी. आहे.”

“मी तुला सांगितलं पहिल्यावर जा,” ते म्हणाले. “मीच सांगितलं.”

“झालं आता. राहू दे.”

पण ते उठले होते. बाहेरच्या काचेच्या दारातून रस्ता दिसत होता. समोरची इमारत काळी, तिच्यापलीकडची काळी, कुठेच दिवा नव्हता. ते त्या काळ्या खिडक्यांकडे बघत उभे राहिले आणि मला त्यांच्या मनात काय चाललंय ते कळायच्या आत त्यांनी खिशातून फोन काढला.

“काय झालं?” मी विचारलं.

“आई, वीज सगळीकडचीच गेलीय. माझ्या हाताखालची तिन्ही पोरं या घडीला कुठे ना कुठे हातानं लिफ्ट काढत असणार.” ते नंबर शोधत होते. “आणि त्यांना मोजायला मी शिकवलंय. रेघांमधून तळघरं वजा करा. जुन्या इमारतींमध्ये ते बरोबर यायचं, म्हणून मीच सांगितलंय सगळ्यांना.”

एका माणसाची एक चूक. त्यानं ती तिघांना दिली, आणि ते तिघं ती खांद्यावर घेऊन गावभर फिरत होते.

लंब्या म्हणून त्यांचा एक मेकॅनिक आहे, त्यानं पहिल्याच घंटीला फोन घेतला. तो जुन्या इमारतीत होता, तिथं शून्य मजला नव्हताच, आणि माणसं बाहेरही आली होती. दुसरा, तो चष्मेवाला, अजून रस्त्यातच अडकला होता. त्याला जावईबापूंनी दोन वाक्यांत समजावलं आणि त्याच्याकडून परत वदवून घेतलं. तिसऱ्याला ते धाकटा म्हणतात. पोरगा नवा, कामाला उत्साही. तो ऑफिसांच्या उंच इमारतीत गेला होता. खाली तीन तळघरं.

त्याचा फोन वाजत राहिला.

“दांडा हातात असेल त्याच्या,” जावईबापू म्हणाले. “मी पण उचलला नसता.”

फोन कट झाला. त्यांनी पुन्हा लावला. लेक टिकलीला कडेवर घेऊन उभी होती, एवढ्या मोठ्या मुलीला. मी मनात म्हणत होते, उचल रे बाबा, उचल. मला त्या पोराचं तोंडही माहीत नव्हतं. पण कुठल्या तरी मजल्यावर, अंधारात, किल्ली हातात घेतलेलं कुणीतरी दारासमोर उभं होतं, ते मला लख्ख दिसत होतं.

“काय आहे, दादा? कामात आहे मी!” पलीकडून आवाज आला, इतका मोठा की आम्हालाही ऐकू आला.

“किती रेघा?”

“पाच. तीन तळघरं वजा केली, दुसरा मजला. वॉचमनला वर पाठवलंय दार उघडायला.”

“उघडलं का?”

“उघडतच असेल.”

“थांबव! ओरड, धाव, काहीही कर, थांबव त्याला!”

फोन पलीकडे कुठेतरी आदळला. पावलांचे आवाज, मग आरोळ्या, एकात एक मिसळलेल्या. जावईबापू फोन कानाला घट्ट दाबून उभे होते. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. त्यावर ब्रेकच्या दांड्याचा लाल वळ उमटला होता.

“थांबला,” शेवटी धाकट्याचा आवाज आला, धापा टाकत. “हात दारावर होता त्याचा. काय झालं, दादा?”

“गाडी दुसऱ्यावर नाही, पहिल्यावर आहे. शून्यही धरायचं. मोज माझ्याबरोबर. मायनस तीन, मायनस दोन, मायनस एक.” त्यांनी श्वास घेतला. “शून्य. एक. पाच रेघा झाल्या बघ.”

“पण दादा, तुम्हीच तर आम्हाला सांगितलंत...”

“मी चुकीचं सांगितलं होतं. उद्या सकाळी परीक्षेच्या आधी साहेबांनाही सांगणार आहे. आता पहिल्यावर जा, आणि उघडायच्या आधी आतल्या माणसांशी बोल. आवाज समोरून आला तरच उघड.”

ते फोन धरून थांबले. आम्हीही थांबलो. साहेबांना सांगितल्यावर परीक्षा, परवाना, नोकरी, कशाकशाचं काय होणार, हे माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर एकदा येऊन गेलं, पण ती काही म्हणाली नाही. पलीकडे दार सरकल्याचा आवाज झाला. मग एका अनोळखी बाईचं रडणं ऐकू आलं, आणि एक पुरुष कुणाला तरी सारखं विचारत होता, लागलं नाही ना, लागलं नाही ना.

“सगळे बाहेर आले, दादा,” धाकटा म्हणाला.

जावईबापूंनी फोन खिशात ठेवला आणि तिथंच फरशीवर खाली बसले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. गणितापायी रडणारी पोरं मी आयुष्यभर बघितली, आणि प्रत्येकाला सांगितलं, डोळे पूस आणि पुन्हा मोज. या वेळी मला ते म्हणवलं नाही. मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि त्यांचा तेलकट हात माझ्या हातात घेतला.